दाभोळच्या धक्क्यावर

सहलीला जायचे म्हटले की आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे ठरलेली ठिकाणे येतात. नागपूरची दीक्षाभूमी, दादरची चैत्यभूमी, महाडचे चवदार तळे आणि फारच झाले तर वेरूळ-अजिंठा. तीही नेमकी गर्दीच्या दिवसांत. रात्रभर उभ्याने प्रवास करायचा, रांगेत दर्शन घ्यायचे, पुस्तकांच्या दुकानांवरून एक चक्कर मारायची आणि दुसऱ्या रात्री परत. त्या गर्दीचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु आपल्या माणसांनी कधीतरी निवांत ठिकाणी, कोणताही दिवस साजरा करायचा नसताना जावे, चार माणसांशी बोलावे, असे आम्हांला फार दिवसांपासून वाटत होते. म्हणून या जानेवारीत आम्ही नऊ जण, त्यांत पाच बाया, भाड्याची जीप करून निघालो ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळला.

दाभोळच का? अनेकांनी विचारले. एनरॉनमुळे हे नाव सगळ्यांना माहीत झाले. प्रत्यक्षात तो वीजप्रकल्प दाभोळात नाही. खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला आहे. आमचे कारण वेगळे होते. माता रमाईंचे वडील भिकू धुत्रे याच दाभोळ बंदरातून माशांनी भरलेल्या टोपल्या डोक्यावर घेऊन बाजारात पोहोचवत असत. रमाईंच्या चरित्रांत हे एका ओळीत येते आणि पुढच्या ओळीत लेखक मुंबईला पोहोचतो. ती एक ओळ पायाखाली घालावी, एवढाच आमचा बेत होता.

बार्शी, पंढरपूर, कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण असा रस्ता आम्ही मुद्दाम धरला. कोकणातला माल याच बाजूने घाट चढून देशावर येत असे. बंदराला घाटाची वाट लागते आणि घाटाला बंदर लागते, हे पूर्वीच्या व्यापाऱ्यांचे गणित होते. आपल्या मराठवाड्याचा समुद्राशी काय संबंध, असे कोणी म्हणेल तर त्याने आधी आपले तेर पाहावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाच्या वहीत तगर म्हणून ज्या गावाचा उल्लेख आहे ते हेच. इथले कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाई, असे त्यात लिहिले आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी जुळणारी मूर्ती इटलीत, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात सापडली. तिकडे पार जावा बेटावर बोरोबुदूरच्या स्तूपावर शिडाची जहाजे कोरलेली आहेत. बाली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर सेंबिरान नावाच्या खेड्यात उत्खननात भारतीय खापरे निघाली आहेत. तेव्हा समुद्र हा आपल्याला परका नव्हता. तो परका झाला नंतर.

कराडच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला ऊसतोड चालू होती. आमच्या ड्रायव्हरने बोली ऐकून गाडी थांबवली. माणसे आपल्याच कळंब तालुक्यातली निघाली. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, उचल दोघांच्या नावावर असते. बाप्याने तोडायचे, बाईने मोळी बांधून डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचे. पाचटाच्या सावलीत एक चार-पाच वर्षांची पोर धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. दिवाळीच्या आसपास निघालेली ही माणसे पाडव्याच्या सुमाराला घरी जातील. शाळेच्या हजेरीपटावर त्या पोरीच्या वयाच्या किती मुली फक्त नावापुरत्या आहेत, हे आपल्या शिक्षक बंधू-भगिनींना ठाऊक आहे. आमच्याबरोबरच्या आक्कांनी पिशवीतल्या भाकरी-ठेच्याचे गाठोडे तिथेच सोडले. आम्ही पुढे चिपळूणला वडापाव खाल्ला.

आक्का म्हणजे आमच्या नात्यातल्या थोरल्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली. समुद्र त्यांनी चैत्यभूमीलाही पाहिला होता, पण लोकांच्या खांद्यांवरून. दाभोळला खाडीच्या तोंडाशी गाडीतून उतरल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्याचा सांडवा कुठं काढलाय रं?" पोरे हसली. आम्हांला हसू आले नाही. ज्या बाईने तलावाच्या भिंतीवर माती टाकली, तिला एवढे पाणी पाहून पहिल्यांदा सांडव्याचीच काळजी वाटणार.

त्याआधी आम्ही वणंदला गेलो. दापोलीपासून अगदी जवळ आहे. ७ फेब्रुवारीला, रमाईंच्या जयंतीला, इथे माणसांची रीघ लागते. आम्ही गेलो तेव्हा स्मारकाच्या आवारात झाडू मारणारी एक बाई आणि कोंबड्या, बस. लाल माती, आंबा-काजूची झाडे, उतरत्या छपरांची घरे. बौद्धवाडीतल्या बऱ्याच घरांना कुलपे. माणसे मुंबईला. आपल्याकडची वस्ती साखर कारखान्याकडे जाते, कोकणातली मुंबईकडे. फरक एवढाच की आपली सहा महिन्यांनी परत येते आणि त्यांची मे महिन्यात पंधरा दिवसांपुरती. एका आजोबांनी चहा दिला. ते स्वतः गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर गावी आले ते आलेच. पावसाची चौकशी केली तर म्हणाले, पाऊस तर छप्पर फोडून पडतो, पण एप्रिलमध्ये बायांना हंडे घेऊन फिरावे लागते. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्याकडे साडेसातशेच्या आसपास, आणि हंडा दोन्हीकडे बाईच्याच डोक्यावर! डोंगरउतारावर पडलेले पाणी धावत समुद्रात जाते, अडवायला कोणी नाही. आक्कांचा सांडव्याचा प्रश्न इथे अगदी अस्थानी नव्हता.

दापोलीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. इथल्या कॅम्पात इंग्रजी पलटणीतून निवृत्त झालेल्या महार सैनिकांची मोठी वस्ती होती. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ इथेच राहिले. बाल भीमरावाचे काही दिवस इथे गेले. लष्करातली महारांची भरती बंद झाली तेव्हा ती पुन्हा सुरू करावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला तोही इथूनच. म्हणजे एकाच तालुक्यात कॅम्पाकडे पेन्शनीत सुभेदार, अर्ज लिहिणारा सैनिक, आणि चार मैलांच्या आत मासळीची टोपली वाहणारा मजूर. आपल्या समाजाचा इतिहास सांगताना आपण पहिल्या दोघांवर थांबतो. तिसऱ्याविषयी कागद नाही, म्हणून भाषणही नाही.

वणंदहून दाभोळला आज गाडीला सुमारे तासभर लागतो. रस्ता वळणाचा, चढ-उताराचा. भिकू धुत्रे कोणत्या वाटेने, किती अंतर ओझे नेत, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण चढ तेच, उतार तेच. छातीच्या दुखण्याने ते खंगले. रमाईंची आई रुक्मिणी आधीच गेली होती. मागे रमाई, दोन बहिणी आणि धाकटा शंकर. चुलते आणि मामा मुलांना घेऊन मुंबईला, भायखळ्याला गेले. पुढे भीमरावांशी लग्न लागले तेही भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, उघड्या शेडखाली. बसायला बाजाराचेच दगडी ओटे आणि पायाखाली गटाराचे पाणी. बाजारात ओझे पोहोचवणाऱ्याची मुलगी बाजारातच बोहल्यावर उभी राहिली. याला योगायोग म्हणावे की त्या काळी आपल्याला दुसरी जागाच नव्हती असे म्हणावे, ते वाचकांनी ठरवावे.

दाभोळ गाव डोंगर आणि वाशिष्ठीची खाडी यांच्या मधल्या पट्टीत दाटीवाटीने बसले आहे. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना जुनी घरे, माडांच्या मागे शांत पाणी. दुपारी तर इतकी शांतता की वल्ह्याचा आवाज घरात ऐकू यावा. एके काळी हे बहमनी आणि नंतर आदिलशाही राज्याचे मोठे बंदर होते. निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी साडेपाचशे वर्षांपूर्वी बिदर पाहून परतीच्या जहाजावर इथूनच चढला. अरबस्तानातून इथे घोडे उतरतात, असे त्याने लिहिले आहे. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी हे गाव जाळले. धक्क्याजवळ दगडी मशीद आहे, मोठा घुमट, चार मिनार; १६५९ च्या सुमाराची, विजापूरच्या शाही घराण्यातल्या स्त्रीने बांधवली असे सांगतात. आपल्या नळदुर्गाचा पाणी महाल १६१३ सालचा, त्याच आदिलशाहीतला. म्हणजे नळदुर्ग आणि दाभोळ एकाच खजिन्यात भरणा करत होते. घोडे कोणी आणले, गाव कोणी जाळले, मशीद कोणी बांधली, सगळे लिहिलेले आहे. घोड्याचा चारा, मशिदीचा दगड आणि मासळीची टोपली कोणी वाहिली, त्याची नोंद मात्र आमच्या पाहण्यात नाही.

संध्याकाळी होड्या धक्क्याला लागल्या आणि गावाला एकदम जाग आली. खारवी आणि दालदी कुटुंबांतली माणसे, हिंदू-मुसलमान, एकाच जेटीवर एकाच घाईत. मासळी वेगळी करायची, बर्फ घालायचा, भाव फोडायचा. भाव फोडण्यात बायका पुढे. आमच्यातल्या वहिनींनी एकीशी ओळख काढली आणि आक्कांनी तिची टोपली उचलून पाहिली. चुंबळ केली, दोघींनी हात दिला, आक्का दहा पावले चालल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, "मोळी जड असती, पर कोरडी असती. हे पाणी मानंवरून पार कंबरंत उतरतंय की." टोपली उतरवल्यावर त्यांच्या पोलक्याची पाठ भिजली होती. मासळीवाली म्हणाली, म्हणून तर आम्ही आता टेम्पो बोलावतो. भिकू धुत्र्यांच्या छातीच्या दुखण्यामागे काय असेल, हे आम्हांला पुस्तकापेक्षा त्या दहा पावलांत जास्त कळले. आम्ही डॉक्टर नाही. पण ओल्या पाठीने वर्षानुवर्षे चढ चढणारा माणूस फार जगत नाही, एवढे समजायला डॉक्टर लागत नाही.

धक्क्यावरून पलीकडे प्रकल्पाकडे बोट करून एक म्हातारे मच्छीमार वेलदूरच्या गोष्टी सांगत होते. १९९७ च्या जूनमध्ये पहाटे पोलीस तिथल्या घरांत शिरले आणि आंदोलनातल्या कोळणींना मारहाण करून धरून नेले. मानवी हक्क संघटनांच्या अहवालांत ते नोंदलेले आहे. पुढे २००१ मध्ये वीजनिर्मिती थांबली, कंपनीही बुडाली, प्रकल्प २००५ मध्ये दुसऱ्या सरकारी कंपनीकडे आला. बायकांच्या अंगावरचे वळ कोणाच्या हिशेबात धरले गेले नाहीत.

मुक्कामाचे एक सांगून ठेवतो. दापोली भागातल्या एका घरगुती निवासात खोली विचारली, ती होती. नाव लिहिताना आडनाव विचारले, मग गाव, मग आणखी एकदा आडनाव. आणि खोली एकाएकी भरली. आम्ही भांडलो नाही, पण रजिस्टरवर घातलेले नाव मालकांसमोर खोडायला लावले आणि शेजारी 'खोली नाकारली' असे लिहून सही केली. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तरुण पोरांना हे अळणी वाटले. आम्हांला विचाराल तर, कागदावर काहीतरी उमटले पाहिजे. त्या रात्री आम्ही बौद्धवाडीतल्या एका घरी झोपलो. सुरमईचे कालवण मिळाले आणि पैसे घेतले गेले नाहीत. तेव्हा आपल्या मुलीबाळी घेऊन जाणार असाल तर आधी ओळख काढून जा.

जवळच कोटजाई नदीकाठी पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. सुरुवातीची बौद्ध, नंतर नाथपंथीयांनी वापरलेली. तिथे चिटपाखरू नव्हते. मुलांनी नदीत पाय सोडले, बायांनी स्तूपापुढे त्रिसरण-पंचशील घेतले. लेण्यांत सावली आहे, पण पिण्याचे पाणी सोबत न्यावे.

परतताना गाडीसकट फेरीबोटीत बसून धोपाव्याला उतरलो. जेमतेम पंधरा मिनिटांचा प्रवास, पण गुहागरकडून चिपळूणला जायला मोठा वळसा वाचतो. आक्का कठड्याला धरून उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत.

ज्यांना जायचे आहे त्यांनी पावसाळा टाळावा. होड्या बंद असतात आणि घाटात दरडी येतात. जयंतीच्या आठवड्यात मुक्कामाची सोय होणे कठीण, त्यामुळे आधी-नंतर जावे. सुके बोंबील आणि सोडे दाभोळला स्वस्त आणि चांगले मिळतात. मात्र दोन पिशव्यांत घट्ट बांधून आणा. आमच्या जीपवाल्याने पुढच्या खेपेचे भाडे त्यावरूनच वाढवले आहे.