सहलीच्या यादीत औंध असावे

आपल्या निवासी शाळेच्या सहली कोठे कोठे जातात, हे माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. लोणारचे सरोवर सुलतानपूरहून जवळच. मग सिंदखेडराजा, वेरूळ, अजिंठा. या यादीत सातारा जिल्ह्यातील औंधच्या श्रीभवानी संग्रहालयाची भर पडावी, असे आम्हांस वाटते.

औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. आयुष्यभर जमविलेल्या कलाकृतींसाठी त्यांनी गावाजवळच्या डोंगरावर वास्तू उभारली आणि १९३८ साली संग्रहालय सुरू केले. राजा रविवर्मा व धुरंधर यांची चित्रे, पहाडी शैलीतील लघुचित्रे आणि हेन्री मूर या जगद्विख्यात इंग्रज शिल्पकाराचे ‘माता आणि बालक’ हे पाषाणशिल्प, हे सारे एका लहानशा गावात पाहावयास मिळते.

आमची ही सूचना ऐकून काही पालकांनी विचारले, की तेथील पुष्कळशी चित्रे पौराणिक; आपल्या मुलांचा त्यांच्याशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे, तो टाळू नये. परंतु चित्र पाहणे म्हणजे पूजा करणे नव्हे. तेथील रविवर्म्यांच्या चित्रांत ‘सैरंध्री’ आहे. सैरंध्री म्हणजे विराटाच्या महालात दासी होऊन राहिलेली द्रौपदी. दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या, नकार देण्याची सोय नसलेल्या बाईची ही कथा. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी परक्यांच्या वाड्यांवर जन्म काढले, त्या घरांतील मुलींना ती कोणी समजावून द्यावी लागेल असे आम्हांस वाटत नाही. उलट त्या मुली असे काही पाहतील, की जे जाणकारांच्याही नजरेतून सुटले असेल.

आणि चित्रकलेशी आपले नाते परके थोडेच आहे? अजिंठ्याची पहिली, दुसरी, सोळावी व सतरावी ही लेणी म्हणजे विहार, भिक्खूंची वसतिस्थाने. आजच्या भाषेत वसतिगृहेच. जेथे ते राहत, त्याच भिंतींवर जातककथा रंगविल्या गेल्या. ही चित्रे जगाला दाखविण्यासाठी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी ते काम पुन्हा हाती घेतले, तर त्यांतील कित्येक प्रतिकृती १८८५ च्या आगीत जळाल्या. मुंबईच्या त्या विद्यार्थ्यांची तेथील मेहनत आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. औंधच्या बाळासाहेबांनाही अजिंठ्याचे वेड होते. त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. म्हणूनच आधी अजिंठा व मग औंध असा क्रम आम्ही सुचवितो.

आपली मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना बसतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र काढतात, दहावीला वाढीव गुणही मिळवितात. मात्र त्यांतील बहुतेकांनी थोर चित्रकाराच्या हातचे मूळ चित्र एकदाही पाहिलेले नसते. घरी बुद्धांची व बाबासाहेबांची तसबीर असते, ती छापील. पाठ्यपुस्तकातील चित्र तळहाताएवढे. तैलरंगाचा थर, कुंचल्याचा फटकारा, चित्राचा खरा आकार यांतले छपाईत फारसे काही उरत नाही.

पाहण्याची रीतही बदलावी लागेल. दोन-दोनच्या रांगा, शिट्टी आणि अर्ध्या तासात बाहेर, अशी सहल न्यावयाची असेल तर ती न गेलेलीच बरी. प्रत्येक मुलाने एकच चित्र निवडावे, त्यापुढे वीस मिनिटे बसावे, मग वहीत काय ते लिहावे. शिक्षकांनी तोवर बोलू नये. (आम्ही शिक्षकांना ओळखतो, हेच सर्वांत कठीण जाईल.)

अंतर मोठे आहे, तीन दिवस मोडतील. एस.टी.ची सवलत मिळाली तरी उरलेला खर्च मोलमजुरी करणाऱ्या पालकांवर टाकणे योग्य नव्हे. तो माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. एखाद्या वर्षी औंध न जमल्यास नागपूरचे १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला ‘अजब बंगला’, आहेच. तेथेही चित्रांचे दालन आहे. आरंभ पुढील हिवाळ्यात नववीच्या वर्गापासून व्हावा, आणि मुलांच्या त्या वह्या पुढच्या स्मरणिकेत जशाच्या तशा, शुद्धलेखन न सुधारता, छापाव्यात.