पोटखराब्यातील पांढरी मुसळी

सातबाऱ्यावर ज्या जमिनीपुढे आम्ही नोकरीभर ‘पोटखराबा’ हा शब्द लिहीत आलो, तिच्याविषयी आज थोडे लिहावयाचे आहे. विहिरीमागचा उतार, आंब्याखालची सावली, नाल्याचा काठ, अशी एक-दोन गुंठे जागा बहुतेक खातेदारांच्या शेतात असते. आमच्या हिवरा आश्रमाच्या आसमंतात सांप्रत जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन व तूर. यंत्राने बांध कोरून आणि उरलेल्यावर तणनाशक फवारून हे कोपरेही आपण स्वच्छ केले आहेत. ही स्वच्छता आम्हांस मान्य नाही. अशा जागी पांढरी मुसळी लावावी, असे आमचे मत आहे.

मुसळीचे नाव काढताच पुष्कळ वाचक हात जोडतील, व ते साहजिक आहे. सन २००० च्या पुढील काही वर्षांत विदर्भात या पिकाचा केवढा गाजावाजा झाला! बेणे भारी दराने विकावयाचे, माल परत घेण्याची हमी द्यावयाची आणि काढणीच्या वेळी फिरकावयाचे नाही, असा अनुभव अनेकांस आला. आम्हीही भावाच्या भरवशावर अर्धा एकर लावली होती. बेण्याचे पैसेसुद्धा परत निघाले नाहीत. ठकविणारे ठकवून गेले हे खरे. परंतु पाणी धरणाऱ्या काळ्या रानात, उघड्या उन्हात ती कापसासारखी पेरली, ही चूक आमची.

मुसळी मूळची रानातली. सह्याद्रीच्या व सातपुड्याच्या झाडीत पहिल्या पावसाबरोबर तिची पाती जमिनीतून वर येतात आणि आषाढ-श्रावणात पांढऱ्या फुलांचा तुरा निघतो. हिच्या शास्त्रीय नावात आपल्या बोरिवलीचे नाव आहे. फादर सांतापाव व फर्नांडिस यांनी १९५५ साली ते दिले. डोंगरातील लोक कोवळ्या पानांची भाजी करतात व मुळ्या औषधासाठी जातात. या मुळ्यांच्या मागणीपायीच जंगलातील मुसळी उपटली जाऊन विरळ झाली. आपल्याच जिल्ह्यातील अंबाबारवा व ज्ञानगंगा अभयारण्यांतून असे कंद आणणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कोणी दारावर रानातील बेणे स्वस्तात आणून दिले तर ते घेऊ नये, हे आम्ही निक्षून सांगतो.

लागवडीत खरी मेख निचऱ्याची आहे. ओल पाहिजे, परंतु पाणी साचता कामा नये. पहिल्या वर्षी आम्ही विहिरीच्या पाटालगतच मुळ्या लावल्या व भाद्रपदापूर्वीच त्यांचा चिखल झाला. दुसऱ्या वर्षी वीतभर उंच वाफा केला, त्यात नाल्याची वाळू व कुजलेला पालापाचोळा मिसळला, आणि झिरपत्या सावलीची जागा निवडली. गर्द सावलीत पाने लांबतात, मूळ मात्र भरत नाही. बेणे तोडताना प्रत्येक मुळीस वरच्या चकतीचा डोळ्यासह तुकडा राहिला पाहिजे. नुसती मुळी कितीही जाड असली तरी फुटत नाही. बी कांद्याच्या बियांसारखे काळे असते, पण उगवण फार कमी. पावसाळा सरता सरता पाने पिवळी होऊन गळतात. तेव्हा रोप मेले असे समजून घरच्या मंडळींनी वाफा खणून टाकू नये (आमच्याकडे हे घडले आहे). साल काळपट होईपर्यंत मुळ्या जमिनीतच राहू द्याव्यात आणि माघ-फाल्गुनात लागतील तेवढ्याच काढाव्यात.

“यात पैसा किती?” असे शेजारी विचारतात. ओली मुळी सोलून वाळविली म्हणजे वजन पाचव्या हिश्श्याच्या आसपास उतरते, सोलण्याची मजुरी वेगळी. तेव्हा गुंठ्याच्या हिशेबाने कोणी कर्ज फेडू पाहील तर फसेल. आम्ही विक्रीसाठी लावीतच नाही. आपल्या पोरांस हे फूल पाहण्यास डोंगर चढावा लागू नये आणि रानाबाहेरही त्याचे बेणे टिकावे, एवढाच आमचा हेतू आहे.

यंदा काढलेल्या मुळ्यांपैकी निम्म्या चकतीसकट मडक्यात, कोरड्या वाळूत ठेवल्या आहेत. हसणाऱ्या शेजाऱ्यानेच त्यांतील दहा मृगासाठी मागून ठेवल्या आहेत. त्याच्या बांधावरच्या चिंचेखालचा वाफा आम्ही स्वतः पाहून आलो, अजून चार बोटे उंच करावयास हवा.