मासा सोडला, जबाबदारी सुटली?

हौसेने गळ टाकणारे अभिमानाने सांगतात, ‘आम्ही मासा पकडतो आणि पुन्हा पाण्यात सोडतो.’ एवढ्याने हिशेब मिटतो, असे मला वाटत नाही. कावेरीतला कुबडाचा महसीर पाहा. नदीत हा झुंजार मासा कमी झाला, तेव्हा गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या लोणावळ्यात पैदास केलेल्या दुसऱ्या जातीच्या महसीरची पिल्ले तिथे सोडली गेली. पाहुणा फोफावला, घरचा मागे हटला. २०१८ साली त्याची जागतिक नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. धरणे, वाळूउपसा, सुरुंग लावून होणारी मासेमारी यांचाही दोष आहेच. पण हेतू चांगला असूनही नुकसान होते, हा धडा हौशी मंडळींनी घ्यायला हवा. मासा सोडावाच, पण कोणता, कुठे, हे आधी विचारावे.