माहेराचे उघडे दार



‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आपणा व्यापाऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. तिच्यातला ‘उद्या’ कधी उजाडत नाही, हे पेढीवरच्या शेठजींना ठाऊक असते आणि समोरच्या गिऱ्हाइकालाही. दुकानात हा विनोद गोड मानून घेतला जातो. पण संकटात सापडलेला जीव दाराशी उभा असताना तोच शब्द उच्चारला गेला, तर त्याची किंमत काय होते, हे एका ख्रिस्ती संन्यासिनीच्या जीवनातून कळते. पुणे परिसरातील ‘माहेर’ या संस्थेच्या संस्थापिका सिस्टर लूसी कुरियन यांच्याविषयी या वेळी लिहीत आहे.

सिस्टर लूसी यांचा जन्म 1956 साली केरळातील कन्नूर जिल्ह्यात, कोलयाड या गावी झाला. वयाच्या बाराव्या वर्षी त्या शिक्षणासाठी मुंबईस आल्या. शहरातील झोपडपट्ट्यांचे दारिद्र्य त्यांनी तेव्हा प्रथमच पाहिले. पुढे तारुण्यात त्यांनी कॅथलिक संन्यासिनीचे व्रत घेतले आणि पुण्यात स्त्रियांच्या मदतीसाठी चाललेल्या कामात त्या सहभागी झाल्या.

1991 मध्ये एक गर्भवती स्त्री त्यांच्याकडे आली. नवऱ्याला दुसरी स्त्री घरात आणायची होती आणि आपल्या जिवाला धोका आहे, असे ती सांगत होती. तिला आसरा हवा होता. सिस्टरांच्या हाती तेव्हा कोणाला ठेवून घेण्याची सोय नव्हती. उद्या ये, काहीतरी व्यवस्था करू, असे त्यांनी तिला सांगितले. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिले. सिस्टर तिला घेऊन रुग्णालयात धावल्या, परंतु ती वाचली नाही आणि तिच्या पोटातील बाळही वाचले नाही.

या घटनेने सिस्टर लूसी अंतर्बाह्य हादरून गेल्या. अशी एखादी स्त्री पुन्हा दाराशी आली, तर तिला त्याच क्षणी आत घेता यावे, एवढीच तळमळ त्यांना लागून राहिली. हाताशी पैसा नव्हता, जागा नव्हती, अनुभवही बेताचाच होता. फादर फ्रान्सिस डिसा यांच्यासारख्या हितचिंतकांचे पाठबळ तेवढे लाभले. अखेर 1997 च्या फेब्रुवारीत, छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला वंदनीय असलेल्या वढू बुद्रुक या गावी आश्रयगृह सुरू झाले.

मातृभाषा मल्याळम असलेल्या या साध्वीने संस्थेसाठी निवडलेले नाव अस्सल मराठी आहे. ‘माहेर’ या शब्दात आपल्या भाषेने केवढी माया साठवून ठेवली आहे! वारकऱ्यांनी पंढरीला माहेर म्हटले, ते उगीच नव्हे. जिथे कोणी हिशेब विचारीत नाही आणि थकलेल्या जिवाला निर्धास्त झोप लागते, ते माहेर.

परप्रांतातून आलेली ख्रिस्ती संन्यासिनी गावात राहू लागली, तेव्हा तिच्या हेतूविषयी शंका घेतली गेली. तिचे उत्तर संस्थेच्या नित्य व्यवहारातून मिळत गेले. तेथे जात विचारली जात नाही; प्रत्येकीने आपापला धर्म पाळावा, अशी मोकळीक असते; दिवाळी, ईद आणि नाताळ हे सण सर्वजणी मिळून साजरे करतात. आलेल्या स्त्रीला आधी सुरक्षित निवारा आणि वैद्यकीय उपचार, नंतर समुपदेशन, कायद्याची मदत आणि हाताला काम, असा तेथील क्रम आहे. मुले असतील तर त्यांचे शिक्षणही होते. एकेकाळी तेथे रडत आलेल्या कित्येक स्त्रिया आज त्याच घरांमध्ये अनाथ मुलांच्या आई होऊन राहिल्या आहेत. निराधार वृद्ध, मनोरुग्ण स्त्रिया आणि पुढे पुरुष यांच्यासाठीही घरे उभी राहिली. महाराष्ट्राबाहेर केरळ व झारखंडपर्यंत हे काम पोहोचले. भारत सरकारने 2015 सालच्या नारी शक्ती पुरस्काराने सिस्टरांचा गौरव केला.

दानाच्या चार प्रकारांत आहार, औषध आणि ज्ञान यांच्यासोबत आपण अभयदानाचा उच्चार करतो. मुक्या जिवांसाठी पांजरपोळ चालविणारा आपला समाज त्यात मागे नाही. मात्र अभयाची गरज कधी कधी आपल्याच माजघरात उभी असते. देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावातून आपल्या मुली मालेगाव, नाशिक, पुणे, सुरत अशा दूरदूरच्या घरी जातात. त्यांतली एखादी रात्री फोनवर हुंदके देते, तेव्हा तिला काय ऐकायला मिळते? “थोडे सोसावे लागते, बेटा.” “धाकटीचे लग्न ठरू दे.” “कांद्याचा हंगाम आटोपला की पप्पा येतील.” बोलणाऱ्याच्या मनात वैर नसते; भीती असते समाजाची, व्याही-संबंधांची, बाजारातल्या पतीची. पण मुलीच्या कानावर पडतो तो एकच शब्द : उद्या.

मुलीला परक्याचे धन म्हणण्याची सवय आता सोडली पाहिजे. कायद्यानेही तिची बाजू घेतली आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा अधिनियम 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यानुसार ती संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करू शकते, आणि सासरच्या घरात राहण्याचा तिचा हक्क न्यायालय सुरक्षित करू शकते. संकटकाळी 181 ही महिला मदतवाहिनी आहे. ही माहिती प्रत्येक मुलीला लग्नाआधीच द्यावी. दागिन्यांच्या यादीइतकीच ती मोलाची आहे.

आणि संघाच्या अतिथीगृहात एक खोली अशा प्रसंगासाठी राखून ठेवता येणार नाही का? किल्ली एखाद्या वडीलधाऱ्या, विश्वासू श्राविकेकडे असावी. येणाऱ्या स्त्रीची जात, गोत्र वा पंथ विचारू नये. ती मोलकरीण असो वा शेठाणी. नावाची वाच्यता होऊ नये. खर्च फार नाही. एका वाढदिवसाच्या भोजनातून वर्षाची तरतूद होईल.

सिस्टर लूसींनी एका स्त्रीला गमावले आणि त्यानंतरचे सारे आयुष्य दार उघडे ठेवण्यात वेचले. आपल्या घरी तशी वेळ येण्याची वाट पाहू नये. आज जेवताना सासरी गेलेल्या लेकीला फोन करावा आणि सांगावे, “तुझी खोली आहे तशीच आहे. केव्हाही ये.”

जय जिनेंद्र.