शिवाचं नृत्य आणि माझा नागा जवान

परदेशी अधिकाऱ्यांबरोबर काम करण्याआधी मार्टिन गॅनन यांचं पुस्तक वाचलं. एकेका देशाला एकेक रूपक: अमेरिका म्हणजे फुटबॉल, जर्मनी म्हणजे सिंफनी, जपान म्हणजे बाग आणि भारत म्हणजे शिवाचं नृत्य.

वाचायला छान. पण माझ्या तुकडीतला मोनचा नागा जवान दर रविवारी प्रार्थनेला चर्चमध्ये जातो. त्याला या नृत्यात कुठे उभा करू? गस्तीवर तर तो माझ्या पुढे असतो.

समर्थक म्हणतात, रूपक ही फक्त सुरुवात. पुढे माणूस कळत जातो. मित्रांनो, इथेच माझा आक्षेप आहे. सुरुवातीचा शिक्का पुढे हुकूम बनतो. इंग्रजांनी 'लढाऊ जमाती' ठरवल्या आणि १८९०च्या दशकात महारांची भरती बंद केली. कोरेगावच्या त्यांच्याच स्तंभावर महार शिपायांची नावं कोरलेली होती, तरीही! महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं.

नकाशा आणि जमीन जुळली नाही तर जमीन खरी, हे आम्ही खडकवासल्याला शिकलो. माणसांच्या बाबतीतच ते का विसरायचं? परदेशी अधिकारी भेटला की पुस्तक मिटा. घरी कोण असतं, सण कोणता, राग कशाचा येतो, हे त्यालाच विचारा.