हरणांचे फोटो पुरे, आता समितीचं बोला

उन्हाळा लागला की आपल्या येवल्याच्या पूर्व भागातल्या काही बातम्या मला जागेवर न जाताही लिहिता येतील, अशी गत झालीय. 'पाण्याच्या शोधात आलेले हरीण विहिरीत पडले.' 'कुत्र्यांच्या हल्ल्यात काळवीट जखमी.' 'वाहनाच्या धडकेत हरीण ठार.' फक्त गावाचं नाव आणि तारीख बदलायची. शेवटी ठरलेलं वाक्य: वन विभागाने उपाययोजना करावी, अशी मागणी प्राणिमित्रांनी केली. हे वाक्य मीसुद्धा अनेकदा लिहिलंय. आज त्याच वाक्याविरुद्ध लिहितोय.

कारण ही मागणी अर्धवट आहे. ममदापूर, राजापूर, खरवंडी, देवदरी हा पट्टा २०१४ साली संवर्धन राखीव क्षेत्र झाला. सुमारे ५४ चौरस किलोमीटर. संवर्धन राखीव म्हणजे अभयारण्य नव्हे. वन्यजीव संरक्षण कायद्यात ही तरतूद नंतर आली, ती मुद्दाम लोकांना सोबत घेण्यासाठी. कलम ३६ ब वाचा. व्यवस्थापन समितीत वन विभागाचा माणूस सदस्य सचिव. क्षेत्र ज्या ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत येतं, त्या प्रत्येकीचा एक प्रतिनिधी. वन्यजीव संस्थांचे तीन. कृषी आणि पशुसंवर्धन खात्याचा एकेक.

म्हणजे तुमच्या पंचायतीचा माणूस तिथे बसणं हा कायद्याने दिलेला अधिकार आहे. आता खरं सांगा, तुमच्या गावचा प्रतिनिधी कोण, हे तुम्हाला माहीत आहे? मी पारावर, चहाच्या टपरीवर विचारून पाहिलं. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

कुणी म्हणेल, ही समिती नुसता सल्ला देते, तिच्या हातात काय? अहो, सल्ला लेखी असला की त्याला उत्तर द्यावं लागतं. टपरीवरच्या शिव्यांना कोण उत्तर देतो?

दुसरी बाजू शेतकऱ्याची. शहरातून आलेले पाहुणे कळप बघून खूश होतात, रील काढतात आणि जातात. इकडे मका, मूग, सोयाबीन नुकतं वर आलेलं असतं आणि रात्रीत कोंब खुडून नेलेले. काळवीट अनुसूची १ मधला प्राणी, त्याला हात लावायचा नाही. बरोबरच आहे. पण मग भरपाई वेळेत नको? नुकसान झाल्यापासून ३ दिवसांत तक्रार द्यावी लागते, हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. चौथ्या दिवशी गेलात की संपलं. तरी आमच्या भागातला शेतकरी विहिरीत पडलेलं पाडस दोर सोडून वर काढतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याला 'हरणांचा शत्रू' म्हणणाऱ्यांनी आधी एक हंगाम राखण करून बघावी.

तिसरी गोष्ट झाडांची. पावसाळा आला की सगळ्यांना माळावर झाडं लावायची हौस येते. बाबांनो, काळवीट हा जंगलातला नव्हे, उघड्या माळाचा प्राणी. लांबून धोका दिसला पाहिजे आणि पळायला मोकळी जागा पाहिजे, त्यावरच तो जगतो. माळ म्हणजे पडीक जमीन नाही, ते त्याचं घर आहे. त्याला झाडी नको, गवत पाहिजे. गवत टिकलं तर तो शेतात कमी येईल, आणि आपल्या शेळ्या-मेंढ्यांच्या चराईचंही नियोजन करता येईल. पण हे ठरवायचं कुणी? पुन्हा तीच समिती.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. समितीच्या सदस्यांची नावं आणि प्रत्येक बैठकीचा ठराव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. कृत्रिम पाणवठे हरणं मरायला लागल्यावर नको, फेब्रुवारीतच भरा. उघड्या विहिरींची यादी करून कठडे बांधा. भरपाईचा अर्ज गावातच भरून घ्यायची सोय करा.

आणि आपण? येत्या ग्रामसभेत उठून एकच प्रश्न विचारा: 'समितीवर आपला माणूस कोण, आणि तिथे तो काय बोलला?' उत्तर आलं तर इथे कमेंटमध्ये टाका. नाही आलं तरी टाका. त्याची बातमी मी करतो. हरीण मेल्याच्या बातमीपेक्षा ती लिहायला मला जास्त आवडेल.