पहिली फ्लामेंको गिटार: पैसे लाकडावर नव्हे, सॅडलवर

दहावी-बारावीचे निकाल लागले की सदाशिव पेठेतल्या बऱ्याच घरांत गिटारचा विषय निघतो. अलीकडे त्यातल्या काही घरांत मागणी नेमकी असते: साधी गिटार नको, स्पेनची फ्लामेंको हवी. कुणी 2011 सालच्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’मधलं स्पेनचं गाणं लहानपणापासून ऐकलेलं असतं, तर कुणाला मोबाइलवर फ्लामेंको गिटारवादक पाको दे लुसिया सापडलेला असतो. त्याची उजव्या हाताची बोटं एकदा नीट पाहिली की चार कॉर्ड शिकून समाधान होणार नाही, हे मला पटतं. ही ओढ खरी आहे आणि घरच्यांनी तिला ‘फॅड’ म्हणून झटकू नये. पण या ओढीपायी पन्नास हजारांचं वाद्यही घेऊ नये. खर्च कशावर करायचा हे ठरलं, तर त्याच्या चौथ्या हिश्श्यात उत्तम सुरुवात होते.

आधी जे हमखास घडतं ते सांगतो. दुकानात गेलं की हातात स्टीलच्या तारांची गिटार येते. एका बाजूला खाच असलेली, पिकअप बसवलेली, दिसायला देखणी. सिनेमातली गाणी वाजवायला ती योग्यच आहे, फ्लामेंकोसाठी मात्र साफ चुकीची. फ्लामेंकोत रासगेआदो नावाचा प्रकार असतो. मिटलेली बोटं एकामागून एक उलगडत नखांनी सगळ्या तारा छेडायच्या. स्टीलवर हे महिनाभर केलं तर नखं टिकत नाहीत. शिवाय या गिटारीची मान वरच्या टोकाला 43 मिलिमीटरच्या आसपास रुंद असते, तर नायलॉनवाल्या गिटारीची 52. डाव्या हाताच्या बोटांना तारांमध्ये जी जागा लागते, ती या फरकातून मिळते. आणि ‘हिलाच नंतर नायलॉनच्या तारा लावू’ हा सल्ला ऐकू नका. स्टीलच्या तारांचा एकूण ताण 70 किलोच्या घरात असतो, नायलॉनचा 40 च्या आत. जड ताणासाठी बांधलेली पेटी हलक्या तारांनी नीट बोलत नाही. उलटा प्रयोग त्याहून वाईट, कारण नायलॉनच्या गिटारीवर स्टील चढवलं तर तारा बांधलेला ब्रिज उखडू शकतो.

मग नायलॉनवाल्यांतच फ्लामेंको गिटार आणि क्लासिकल गिटार यांत फरक काय? एकोणिसाव्या शतकात आल्मेरियाच्या आंतोनियो दे तोरेसने (1817–1892) आजच्या स्पॅनिश गिटारीचा साचा घडवला, तेव्हा दोघींच्या मापांत फारसा फरक नव्हता, फरक होता तो लाकडाचा. पाठ आणि कडा रोझवूडच्या करायच्या तर लाकूड परदेशातून आणावं लागे, आणि ते महाग. सायप्रस तिथलाच, म्हणून स्वस्त. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातल्या तावेर्नांमध्ये, म्हणजे मद्यालयांमध्ये, वाजवणाऱ्या वादकांना परवडायची ती सायप्रसची. तिचा कोरडा, चटकन उठून चटकन विरणारा आवाज पायांच्या ठेक्याशी आणि टाळ्यांशी जुळला, आणि पुढे तीच फ्लामेंकोची ओळख बनली. गरजेपोटी निवडलेल्या लाकडाचा हा आवाज आहे. म्हणून परवडणारी गिटार घेताना कमीपणा वाटून घेण्याचं काहीही कारण नाही.

आज तसली खरी फ्लामेंको गिटार, अल्हाम्ब्रा किंवा कोर्दोबा कंपनीची, कर आणि वाहतूक धरून पन्नास हजारांच्या पुढे जाते. पहिल्या दोन वर्षांत तिची गरज नाही. यामाहा सी-40 सारखी साधी नायलॉनची क्लासिकल गिटार दहा-बारा हजारांच्या आसपास मिळते, वापरलेली त्याहून कमीत. लहान मुलांसाठी पाऊण मापाची घ्यावी. माझं म्हणणं एवढंच, की घेतली आणि घरी नेली असं करू नये. तिची अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची उंची, उतरवून घ्यावी. फ्लामेंकोचा सगळा मामला या उंचीवर आहे.

बाराव्या फ्रेटवर सहावी तार फ्रेटपासून किती वर आहे ते पट्टीने मोजा. क्लासिकल गिटारीत ती सुमारे 4 मिलिमीटर असते, फ्लामेंकोत 3 किंवा किंचित कमी लागते. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो. त्यामुळे तिथली उंची एक मिलिमीटरने कमी करायची, तर ब्रिजवरच्या सॅडलची पट्टी खालून दोन मिलिमीटर घासावी लागते. मूळची प्लास्टिकची पट्टी तशीच जपून ठेवावी आणि हाडाची नवी करून घ्यावी. फसली तर जुनी परत बसवता येते.

तारा खाली आल्या की जोरात वाजवताना त्या फ्रेटला किंचित घासतात आणि बारीक झणझण उमटते. क्लासिकल शिक्षक याला दोष म्हणतील. आपल्या कानांना मात्र हे अनोळखी नाही. तानपुऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीचा माथा घासून नेमकं हेच साधतो: तार पृष्ठभागाला किती स्पर्श करेल ते ठरवून आवाज खुलवायचा. मिरजेत पिढ्यान् पिढ्या हे काम चालत आलं आहे आणि तिथल्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दोन्ही कामं एक नव्हेत, सॅडलची पट्टी अरुंद असते आणि घोडीचा माथा रुंद. पण पाव मिलिमीटरने आवाज बदलतो हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे, असा माणूस गिटारच्या दुकानातल्या विक्रेत्यापेक्षा या कामाला केव्हाही बरा. किती झणझण चालेल? मोकळी तार बेताने छेडली तर स्वच्छ वाजली पाहिजे, आणि रासगेआदोचा जोर लावल्यावरच झणझण उमटावी. हळू वाजवतानाही खरखर आली तर पट्टी जास्त घासली गेली.

दुसरा खर्च गोल्पेआदोरचा. फ्लामेंकोत बोटाने गिटारच्या तक्त्यावर ठोका देतात, तो गोल्पे. त्यासाठी तक्त्यावर पारदर्शक संरक्षक थर चिकटवतात. काही शे रुपयांचं काम आहे. तो नसेल तर वर्षभरात पॉलिश आणि मग लाकूडही खरवडलं जातं.

या किमतीत मिळणारी प्लायची गिटार हलकी म्हणून नाक मुरडणारे भेटतील. आवाजापुरतं त्यांचं बरोबर आहे, अखंड स्प्रूसचा तक्ता अधिक मोकळा वाजतो. पण पुण्याचं हवामान पाहा. एप्रिलच्या दुपारी हवा कोरडीठाक, जुलैत जुन्या वाड्यांच्या भिंतींना ओल. अखंड लाकूड या फेऱ्यात आकसतं, फुगतं, निष्काळजीपणा झाला तर चिरतं. प्लाय सोसतं. पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलाकडे वाद्य ठेवायला कॉटखालची जागा असते. त्याला प्लायच हवी. बॅग मात्र जाड घ्यावी आणि गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये.

वापरलेली घेताना मान डोळ्याजवळ धरून कडेने पाहा. या गिटारींच्या मानेत बहुधा ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी सळई) नसतो, त्यामुळे मान वाकलेली असेल तर ती सरळ करणं किमतीपेक्षा महाग पडतं. अशी गिटार फुकट मिळाली तरी सोडा. ब्रिजच्या मागे कागद सरकवून बघा, सरकला तर ब्रिज सुटत चालला आहे. तारा जुन्या असतील तर चिंता नको, त्या बदलायच्याच असतात.

पुण्यातल्या वाद्यविक्रेत्यांकडे माझं मागणं आहे. भिंतीवर टांगलेल्या रांगेत एक तरी नायलॉनची गिटार अ‍ॅक्शन उतरवून, गोल्पेआदोर लावून, त्या कामाचे पैसे किमतीत धरून ठेवा. मजुरी वेगळी मागितली की आईवडील बिचकतात, मूल उंच तारांशी चार महिने झगडतं आणि बोटं दुखतात म्हणून क्लास सुटतो. दुकानात हे काम तासाभराचं आहे.